पोतं कुणाच्या हिशेबानं आणायचं?

अंडी न्यायला आलेला माणूस परसात डोकावतो आणि हटकून विचारतो, "पिल्लं, तलंगा, अंड्यावरच्या कोंबड्या, सगळ्या एकत्रच फिरतात, मग खाद्य कुठलं घालता?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पोतं आणायचं ते सगळ्यात लहान पिल्लाच्या हिशेबानं.

मी आधी नेमकं उलटं केलं होतं. अंडी विकायची म्हणून लेयरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्याचं, पोतं आणलं आणि तेच सगळ्यांपुढे ओतलं. काही आठवड्यांत पिल्लं सुकायला लागली, पाणी मात्र सारखं पीत होती. तीन गेली. डॉक्टरांनी एक उघडून दाखवलं, तर मूत्रपिंडं सुजलेली आणि कलेजीवर चुना फासल्यासारखा पांढरा थर. लेयरमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लाला एक टक्का पुरे. जास्तीचं बाहेर टाकता टाकता मूत्रपिंडं निकामी होतात आणि युरिक आम्ल अंगातच साचतं. चूक माझीच होती.

आता पिल्लं 8 आठवड्यांची होईपर्यंत स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, पुढे सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं. पिल्लांची आई त्यांच्याबरोबर डालग्यात स्टार्टरच खाते. तेव्हा ती अंडी देत नसते, त्यामुळे तिचं काही अडत नाही. फक्त पोत्यावरचं लेबल वाचा. काही स्टार्टरमध्ये रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं असतं. ते अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

मग कवचाचं काय? एका अंड्याच्या कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं, ते कुठून तरी यायलाच हवं. घरात तिसऱ्या झाल्या की शिंपल्या धुऊन कडक उन्हात वाळवते आणि कुटून वेगळ्या वाटीत ठेवते. पीठ करायचं नाही, तुरीच्या डाळीएवढे तुकडे हवेत. कवच रात्री घडत असतं, आणि असे तुकडे पोटात हळूहळू विरघळत रात्रभर पुरतात. अंड्यावरची कोंबडी संध्याकाळी खुराड्यात शिरण्याआधी वाटीकडे बरोबर वळते. तिला कुणी शिकवलेलं नसतं! पिल्लं एखादी चोच मारतात आणि निघून जातात.

तांदळाची कणी? संध्याकाळी मूठभर, हाकेला याव्यात म्हणून. तिच्यात प्रथिनं कमी. नुसत्या कणीवर पोट भरतं, अंडी घटतात. आणि पावसाळ्यात तीन आठवड्यांवर पुरेल एवढं खाद्य आणू नका. मका दमट झाला की बुरशी धरतो. तसलं खाद्य मी "कोंबड्याच तर खाणार" म्हणून खपवत नाही, पुरून टाकते.

कोंबड्याला वेगळं काही नाही, ग्रोअरच. शिंपल्यांची वाटी दिसली की तो कुक्‌कुक् करून कोंबड्यांना बोलावतो, स्वतः मात्र तोंड लावत नाही.