एक्स-रेत पांढरा, तोंडात काळा

मुलगी एकोणीस वर्षांची. वरचा पुढचा दात हिरडीपाशी शाई सांडल्यासारखा निळा-काळा. बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरायची तिला सवयच लागली होती.

लहानपणी सायकलवरून पडून दाताची नस मेली, तेव्हा मुळाचं टोक अजून उघडंच होतं. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी मुळाच्या पोकळीत रक्त आणून, गुठळीवर एमटीएचा (मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रीगेट, दातात भरायचं सिमेंट) थर देऊन दात बंद केला होता. एक्स-रे पाहिला आणि त्या डॉक्टरांना मनातल्या मनात हात जोडले. मूळ वाढलेलं, भिंती जाड, टोक मिटलेलं. वर एमटीए पांढराशुभ्र. असं काम रोज दिसत नाही.

तो एक्स-रेतला पांढरेपणाच या काळेपणाचं कारण आहे. एमटीए १९९३ मध्ये अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठाच्या तोराबिनेजाद यांच्याकडून आलं. त्यात सुमारे ७५ टक्के पोर्टलँड सिमेंट आणि २० टक्के बिस्मथ ऑक्साइड असतं. दात वाचवायचं काम सिमेंट करतं. बिस्मथ ऑक्साइड घालतात ते एक्स-रेत मसाला नीट दिसावा म्हणून, म्हणजे आम्हा डॉक्टरांच्या सोयीसाठी. रूट कॅनॉल धुताना आम्ही डॉक्टर सगळेच हायपोक्लोराइट हे जंतुनाशक वापरतो. त्याचा अंश राहिला की हेच ऑक्साइड काळवंडतं. दातातल्या कोलॅजेन या प्रथिनाशी संबंध आला तरी रंग बदलतो. कॉलेजात आम्ही एमटीएचा पीएच १२.५ घोकला, या काळेपणावर मात्र एका ओळीपलीकडे कुणी बोललं नाही.

मायक्रोस्कोपखाली दात उघडला. एमटीए दाताला जिथे टेकलं होतं तिथली कड सगळ्यात काळी. हिरडीच्या वरचा भाग अल्ट्रासॉनिक टिपनं हळूहळू खरवडून काढला. खालच्या थराला हात लावायचा नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण त्याच्याच आधारानं मूळ वाढलं होतं. त्यावर ग्लास आयोनोमर सिमेंटचा थर, मग रंग उतरवायला पाण्यात दाटसर कालवलेलं सोडियम परबोरेट, आणि वर तात्पुरतं झिंक ऑक्साइडचं सिमेंट. तेही युजेनॉल (लवंगतेलातला घटक) नसलेलं, नाहीतर पुढे भरायचं दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट नीट सेट होत नाही. दर खेपेला रंग थोडा उतरत गेला. हिरडीलगत एक राखाडी रेघ उरली आहे.

आईनं विचारलं, "डॉक्टर, आधीच्यांचं चुकलं का हो?"

"नाही. त्यांच्यामुळेच हा दात आज तोंडात आहे," मी म्हटलं. मग मसाल्यातच दोष कसा, हे समजावताना मात्र मी अडखळलो. आपल्या मुलीच्या दातात एक्स-रेसाठी म्हणून काही घातलं होतं, हे त्या माउलीला पटेना.

झिर्कोनियम किंवा टँटलम ऑक्साइड घातलेली सिमेंटं केव्हाच आली आहेत. एक्स-रेत तीही दिसतात आणि अशी काळी पडत नाहीत. तरी परवा एक विक्रेता एमटीएचा डबा घेऊन आला. एक्स-रेसाठी यात काय घातलंय, असं विचारलं, तर म्हणाला, "डॉक्टर, हे व्हाइट आहे, काळं पडायचा प्रश्नच नाही." आतल्या बारीक अक्षरांच्या कागदावर बिस्मथ ऑक्साइड छापलेलं होतं. मी त्याला ते वाचायला लावलं आणि डबा परत दिला.