पाकिटावर लिहिलेली वेळ

माझं मेडिकल खटाव तालुक्यातल्या एका गावात आहे, अगदी स्टँडसमोर. बारा वर्षं झाली, त्यामुळे कोणाला कुठली गोळी चालू आहे ते तोंड बघितलं की आठवतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस, सकाळी दहालाच काउंटरला गर्दी. अण्णा पुढे आले, वय बासष्ट, नेहमीचं गिऱ्हाईक. नातवाच्या खोकल्याचं औषध मागत होते पण मला नीट कळेना, वाटलं तोंडात तंबाखू असेल. मग त्यांनी उजव्या हातानं शंभराची नोट पुढे केली आणि ती पडली. डाव्या हातानं उचलली, उजव्यात घेतली, परत पडली. या वेळी त्यांनी खाली बघितलंच नाही, नोट पडलीय हेच त्यांना कळलं नाही, बोटं नोट धरल्यासारखी तशीच पुढे.

माझ्या पोटात धस्स झालं. म्हटलं, "अण्णा, जरा हसा बघू." डावी बाजू हसली, उजवीकडचा ओठ जागचा हलला नाही. दोन्ही हात समोर वर धरायला लावले तर उजवा हळूहळू खाली आला. ही लकव्याची, म्हणजे मेंदूच्या झटक्याची लक्षणं. तेवढ्यावर मी १०८ लावला, घड्याळात १०:१० झाले होते.

मग सुरू झाली गर्दीची डॉक्टरकी. कोण म्हणे पित्त खवळलंय, कोण म्हणे साखर उतरली, चहा पाजा, आणि एकजण हक्कानं म्हणाला, "ताई, डिस्प्रिन द्या ना पटकन, आमच्या मेव्हण्याला अटॅक आला तेव्हा तीच दिली होती." त्या माणसाचा हेतू चांगलाच होता, पण हार्टचं वेगळं आणि मेंदूचं वेगळं. मेंदूत गुठळी अडकलीय की रक्तस्राव झालाय हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि डिस्प्रिन रक्त पातळ करते, रक्तस्राव असला तर ती गोळी घात करते. साखर मी मशीनवर बघितली, १४२, म्हणजे तो प्रश्न मिटला. बीपी २००/११०. लगेच मागून आवाज, "मग बीपीची गोळी तरी द्या." तीही नाही दिली. अशा वेळी बीपी एकदम खाली आलं तर मेंदूला जे थोडंफार रक्त पोचतंय तेही कमी होतं, आणि गिळता येत नसेल तर गोळी पाणी सगळं श्वासनलिकेत जायचं. घोटभर पाणीसुद्धा देऊ दिलं नाही, काही बायका माझ्यावर चिडल्या पण. बाकड्यावर कुशीवर झोपवलं आणि हात धरून बसले.

तेवढ्यात मुलगा पळत आला. त्याला विचारलं शेवटचे बरे कधी होते, तो म्हणाला सहाला धार काढताना. त्यावर समाधान होईना, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास मोजतात माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. सहा धरले तर साडेदहालाच वेळ संपली! शेजारच्या चहाच्या टपरीवर मुलाला पाठवलं. टपरीवाला स्वतःच आला, म्हणाला पावणेदहाला माझ्याकडे चहा प्यायले, उधारीचे पैसे मोजून दिले, टोमॅटोच्या भावावर चांगले बोलत होते. औषधाच्या कागदी पाकिटावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "९:४५ ला ठीक. १०:१० ला तोंड वाकडं, उजवा हात, बोलणं." खाली साखर, बीपी, आणि त्यांची बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४०, दोन महिने बंद.

हो, दोन महिने बंद. हे मला माहीत होतं. महिन्याच्या तीस गोळ्या माझ्याकडूनच जायच्या आणि त्या दोन महिने गेल्या नव्हत्या. "आता बरं वाटतंय ताई" असं ते एकदा म्हणालेही होते आणि मी कामाच्या गडबडीत नुसती मान हलवली होती. बीपी दुखत नाही, म्हणून माणूस गोळी सोडतो, आणि वर दिवसाला तंबाखूच्या दोन पुड्या. ते अजून मनातून जात नाही.

अँब्युलन्स साडेदहाला आली. जवळच्या दवाखान्यात न थांबता सीटी स्कॅन असलेल्या साताऱ्याच्या हॉस्पिटलला नेलं, गाडीतल्या डॉक्टरांनी आधीच फोन करून ठेवला. मुलगा नंतर सांगत होता, दारातच पहिला प्रश्न कधीपासून आणि ह्यानं ते पाकीट पुढे केलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, बीपी आधी इंजेक्शननं खाली आणलं आणि साडेबाराला गुठळीचं इंजेक्शन सुरू झालं. त्यांच्या भावकीत एकाला असंच झालं होतं, त्याला दोन दिवस झाडपाल्याच्या औषधाला फिरवलं, तो आजही अंथरुणावर आहे.

आणखी एक गोष्ट मुलाकडूनच नंतर कळली. आदल्या आठवड्यात अण्णांचा हात दहा मिनिटं बधिर झाला होता, आपोआप बरा झाला म्हणून घरात कोणी मनावर घेतलं नाही. असं आपोआप बरं झालेलं असलं तरी त्याच दिवशी दाखवायला पाहिजे, मोठा झटका बऱ्याचदा त्याच्या पाठोपाठ येतो.

आता मी एक वही केलीय. बीपी-शुगरवाल्यांची नावं, गोळ्या कधी संपतात ती तारीख. तारीख उलटून चार दिवस गेले की फोन करते, काहीजण वैतागतात, करू देत. अण्णांचं पान पहिलंच आहे. परवा स्वतः आले, थोडा पाय ओढतात, बोलणं जरा सावकाश. उजव्या हातानं नोटा मोजल्या, एक एक करत, मागे रांग थांबली होती पण मी मध्ये हात घातला नाही.