खारी, वाळू आणि आमची तुळस

खारी घरी आली त्याला सव्वा महिना झाला. खारी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, रंग सेम बेकरीतल्या खारीसारखा म्हणून हे नाव. सोसायटीच्या मागे बांधकाम चालू आहे तिथे वाळूच्या ढिगाऱ्यावर तीन पिल्लं होती, त्यांची आई गाडीखाली गेली, दोन वॉचमनकाकांनी गावाला नेली आणि ही उरली. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, सात आठवड्यांची असेल.

पहिल्या रात्री मी व्हिडिओत बघितल्याप्रमाणे "रडलं तरी लक्ष द्यायचं नाही" असं ठरवून हॉलमध्ये झोपवलं. दोन वाजता मीच रडायच्या बेतात. शेवटी तिची गोधडी माझ्या पलंगाला चिकटून टाकली, हात खाली सोडला, त्यावर हनुवटी टेकवून झोपली बया. कसलं ट्रेनिंग आणि कसलं काय.

खरा घोळ शू-शीचा. पेपर अंथरला तर पेपर फाडायची आणि शेजारी करायची, महागातले पॅड आणले त्यांचीही तीच गत. आई दर वेळी फिनेलने पुसायची, त्यावर डॉक्टर म्हणाले आधी ते फिनेल बंद करा, ही दिवसभर पंजे चाटते, सगळं पोटात जातं. शेजारच्या काकू म्हणे नाक घास त्यात आणि एक फटका दे. मी फटका नाही दिला पण एकदा जोरात ओरडले, त्याचा परिणाम एवढाच की बाईसाहेब सोफ्याच्या मागे जाऊन करायला लागल्या. म्हणजे त्या "घरात करायची नाही" शिकल्याच नाहीत, "हिच्यासमोर करायची नाही" एवढंच शिकल्या!

मग अलार्म लावले. झोपून उठली की, खाऊन दहा-पंधरा मिनिटांनी, खेळून दमली की, आणि एरवी दर दोन तासांनी (पिल्लू जितक्या महिन्यांचं साधारण तितकेच तास ते धरू शकतं, रात्री झोपेत थोडं जास्त). पण न्यायची कुठे? लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायची नाही, पार्व्हो (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा विषाणू) मातीत महिनोन्महिने टिकतो. आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

आई साताऱ्याकडची, तिच्या माहेरी कुत्री कायम अंगणात, त्यांना कोणी काही शिकवलंच नाही. ती सहज म्हणाली, "अगं ती वाळूत जन्मली, तिला फरशी काय कळणार?" मी हसले. पण डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले बरोबर आहे, त्या वयात पायाखाली जे लागतं तेच डोक्यात बसतं. हार्डवेअरच्या दुकानातून पिशवीभर वाळू आणली, रोपांच्या मोठ्या ट्रेमध्ये ओतली, बाल्कनीत ठेवली. दुसऱ्या अलार्मला खारी चढली, वास घेतला, गोल गोल फिरली आणि केली! मी तिथल्या तिथे चिकनचा तुकडा दिला. तिथल्या तिथेच द्यायचा हां, किचनमध्ये जाऊन डबा उघडेपर्यंत बक्षीस कशाचं हे ती विसरलेली असते.

चावण्याचं वेगळंच प्रकरण. अठ्ठावीस दुधाचे दात, एकेक सुईसारखा, माझ्या दोन्ही मनगटांवर नक्षी आहे. फ्रीजरमध्ये ठेवलेला ओला फडका दिला की अर्धा तास शांतता, बस.

आता बारा आठवड्यांची झाली, मागच्या शनिवारी रेबीजचं इंजेक्शनही झालं. गेले नऊ दिवस घरात एकही अपघात नाही, म्हणून मी ऑफिसात फुशारक्या मारत होते. तर काल सकाळी आई पाणी घालायला बाल्कनीत गेली आणि तिथूनच ओरडली. वाळू, माती, खारीच्या हिशोबाने सगळं एकच, आणि तुळशीची कुंडी बसकी.

तुळस सध्या वॉशिंग मशीनवर आहे. आई माझ्याशी बोलत नाहीये, खारीशी बोलते.