बाई, तिकीट घ्या ना!

परवा आमच्या बालवाडीत सहा छोट्या खुर्च्या एकामागे एक लागल्या होत्या, सगळ्यात पुढे साडेचार वर्षांचा ड्रायव्हर, हातात स्टीलची ताटली, तीच स्टिअरिंग. कंडक्टरबाईंच्या गळ्यात माझी जुनी पर्स. आम्ही लहानपणी कंडक्टर व्हायचो तेव्हा चिमटा टिकटिक वाजवायचो, आता एसटीत मशीन आलंय ना, म्हणून ही पोरगी आधी बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरची बटणं दाबते, तोंडाने कर्रर्र आवाज काढते आणि मग कागदाचा कपटा फाडून देते. इतकं बारीक बघितलेलं असतं पोरांनी!

आणि तो ड्रायव्हर, एरवी दोन मिनिटं एका जागी बसत नाही. पण ड्रायव्हर झाला की सगळे चढेपर्यंत गाडी सोडत नाही, बेल वाजेपर्यंत थांबतो म्हणजे थांबतोच. व्हिगॉट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ च्या व्याख्यानात हेच सांगितलंय की खेळात मूल जणू स्वतःपेक्षा डोकंभर उंच होतं. मी हे बी.एड. ला वाचलं होतं, पण पटलं ते या पोराला बघून.

सुरुवातीला माझं फार चुकायचं. एकदा चार जणी भाजीचं दुकान मांडून बसल्या होत्या, चिंचोके म्हणजे पैसे, मस्त घासाघीस चाललेली, "मावशी कोथिंबीर फुकट द्या की", आणि मी मध्येच जाऊन विचारलं, सांगा बरं तीन वांगी आणि दोन वांगी किती? एकीने हळूच "पाच" म्हटलं आणि चौघी उठून गेल्या. दुकान तिथंच पडलं. दिवसभर वाईट वाटत राहिलं मला. तेव्हापासून मी ठरवलंय, आत जायचं तर गिऱ्हाईक होऊन जायचं. पिशवी पुढे करायची, "पाव किलो द्या हो, आणि सुट्टे नाहीयेत माझ्याकडे". मग बघा, पोरी आपणच चिंचोके मोजायला बसतात. आणि बोलावलं नाही तर लांब बसायचं, नुसतं बघायचं, हे सगळ्यात अवघड आहे खरं सांगते.

अजून एक. मुलगा भातुकलीत भाकऱ्या थापायला बसला की कोणीतरी हसतंच, कधी आपल्या मदतनीस ताई, कधी न्यायला आलेले आजोबा. प्लीज हसू नका. तो घरी जे बघतो ते करून बघतोय, बाळाला थोपटतोय, त्याला करू द्या.

पालक विचारतात, आज काय शिकवलं? आता तर २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वयाला खेळातून शिकणं लिहिलंय, पण आपल्याकडे ते काय नवीन नाही, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला कितीतरी आधी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, आजूबाजूला सहज मिळणाऱ्या वस्तू घेऊन. महागडं काही नव्हतं.

म्हणून माझं सगळ्या आईबाबांना मनापासून सांगणं आहे, वाढदिवसाला तो प्लॅस्टिकचा किचन सेट नका पाठवू, त्यातला गॅस हा गॅसच राहतो, त्याचं दुसरं काही होत नाही. जुनी ओढणी द्या, ती एका सकाळी साडी होते, झोळी होते, नदी पण होते. रिकामे डबे (कडा बोथट असलेले), नारळाच्या करवंट्या, लग्नपत्रिका, बंद पडलेला रिमोट सेल काढून, बाबांचा जुना शर्ट. सोमवारी दप्तरातून पाठवलंत तरी चालेल, दवाखाना मांडायचा घाट चाललाय पोरांचा आणि सलाईनसाठी सुतळी कमी पडतेय.