क्रूझवर स्वतःची वाइन न्यायची असेल तर : आमच्या सात रात्रींचा अनुभव

बाटली मोठ्या बॅगेतच राहिली हे मला आठवलं तेव्हा ती बॅग पोर्टरच्या गाडीवर चढून दिसेनाशी झाली होती आणि आम्ही बार्सिलोनाच्या क्रूझ टर्मिनलच्या आत, पासपोर्ट हातात धरून लायनीत उभे होतो. नवऱ्याला म्हटलं, अरे वाइन! त्याचाही चेहरा पडला. बाकी प्रवास छान झाला, पण या एका बाटलीपायी आम्ही जे काही शिकलो ते नीट लिहून ठेवते, कारण निघायच्या आधी मी शोधत होते तेव्हा नियम सगळीकडे सापडले पण प्रत्यक्षात काय काय होतं ते कोणी सांगितलं नव्हतं.

बाटली साधी नव्हती. दहा वर्षांपूर्वी आम्ही दोघं स्पेनला गेलो होतो तेव्हा एका छोट्या वायनरीतून रिओहा भागातली ग्रान रिझर्वा ही रेड वाइन आणली होती. ग्रान रिझर्वा म्हणजे किमान पाच वर्षं लाकडी पिंपात आणि बाटलीत मुरवूनच विकायला काढतात, त्यामुळे घेतली तेव्हाच ती जुनी होती. तेव्हाच ठरवलं होतं की लग्नाला वीस वर्षं झाली की उघडायची. आता नेमक्या त्याच आठवड्यात क्रूझ जमून आली, दीर आणि जाऊबाई पण बरोबर, आणि जहाज निघणार बार्सिलोनाहून, मग मार्सेय, लिव्होर्नो, रोमसाठीचं बंदर चिवितावेक्किया, नेपल्स आणि परत. बाटली तिच्या स्वतःच्या देशात, स्पेनला, परत जाऊन तिथून निघणाऱ्या जहाजावर उघडली जाणार याचंच मला जास्त अप्रूप होतं.

तर घोळ कुठे होतो बघा. बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही, म्हणून वाइन चेक-इनच्या बॅगेत जाते. जहाजाचा नियम बरोबर उलटा. तिथे वाइन हातातल्या बॅगेतच पाहिजे, कारण मोठ्या बॅगा बंदरावर वेगळ्या घेतात, स्कॅनरखालून जातात आणि बाटली दिसली की ती बॅग बाजूला काढतात. म्हणजे विमानतळ आणि बंदर यांच्या मध्ये कुठेतरी, हॉटेलवर म्हणा नाहीतर टॅक्सीत बसायच्या आधी म्हणा, बाटली एका बॅगेतून दुसऱ्या बॅगेत जायलाच हवी. आम्ही एक रात्र हॉटेलवर होतो, भरपूर वेळ होता, पण ती दोन स्वेटरांत गुंडाळून तळाशी इतकी चांगली बसवली होती की विसरलोच. आता मी सगळ्यांना एकच सांगते, बाटली पॅक करताना त्याच वेळी मोबाइलवर अलार्म लावा, जहाजावर चढायच्या दिवशी सकाळचा.

संध्याकाळी पाचपर्यंत दीर-जाऊंच्या बॅगा त्यांच्या केबिनच्या दारात आल्या. आमची एक आली, दुसरी नाही. सात वाजले तरी नाही. मग रिसेप्शनवर विचारलं तर त्यांनी खालच्या डेकवरच्या सिक्युरिटीच्या खोलीत पाठवलं. तिथे अडकलेल्या बॅगा रांगेनं लावून ठेवलेल्या, बाजूच्या टेबलावर लोकांच्या इस्त्र्या, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्त्या (आगीच्या भीतीनं यातलं काही चालत नाही, हेही लक्षात ठेवा). ऑफिसरनं आमच्या समोरच बॅग उघडायला लावली, बाटली बाहेर काढली आणि म्हणाला ही शेवटच्या रात्री मिळेल. माझ्या पोटात गोळाच आला. मी त्याला सगळं सांगितलं, तारीख सांगितली, आम्ही हातातून एकही बाटली आणलेली नाही हेही सांगितलं. त्यानं आमची नोंद तपासली, फोन केला, थोडं थांबवलं आणि मग बाटलीवर स्टिकर लावून हातात दिली. हा त्याचा चांगुलपणा, यावर कोणी भरवसा ठेवू नका, बरोबरच्या एका जोडप्याला त्यांची बाटली शेवटच्या रात्रीच मिळाली.

आता नियमांचं. आमच्या जहाजावर प्रत्येक मोठ्या माणसामागे ७५० मिलीची एक सीलबंद बाटली, फक्त पहिल्या दिवशी, फक्त वाइन किंवा शॅम्पेन. बहुतेक मोठ्या कंपन्यांचं साधारण असंच आहे, रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल दोन्हीकडे माणशी एक बाटली चालते. नॉर्वेजियनचा हिशोब वेगळा, तिथे जास्त बाटल्या नेता येतात पण चढतानाच दर बाटलीमागे कॉर्केज (स्वतःची बाटली आणल्याचे पैसे) भरावं लागतं. डिस्नेवर माणशी दोन बाटल्या चालतात आणि नुसत्या पहिल्या दिवशी नाही तर प्रत्येक बंदरावरून नेता येतात, हे वाचून मला हेवाच वाटला. वायकिंगवर स्वतःची बाटली नेली तरी कॉर्केज घेत नाहीत. व्हिस्की, रम, वोडका मात्र चढताना बहुतेक मोठ्या कंपन्यांत चालत नाही आणि खोक्यातली वाइनही बहुतेक ठिकाणी चालत नाही, बाटलीच लागते. वयाचंही बघून घ्या, अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर साधारण २१ लागतं, युरोपातून निघणाऱ्या बऱ्याच जहाजांवर १८ चालतं. आणि हे सगळं अधूनमधून बदलतं, त्यामुळे निघायच्या आठवड्यात कंपनीच्या साइटवरचं पान उघडून परत एकदा वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा, दारावर वाद झाला तर तोच कामाला येतो.

आमच्या जहाजावर कॉर्केज म्हणजे आपली बाटली त्यांच्या डायनिंग रूममध्ये उघडून वाढायचे पैसे. आमच्याकडे बाटलीमागे १५ डॉलर होते, केबिनमध्ये प्यायलो तर काहीच नाही. दिरांचं म्हणणं होतं की मग केबिनमध्येच पिऊ, त्यांनी नेलेल्या पांढऱ्या वाइनचं त्यांनी तसंच केलं, रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून, आणि ते बरोबरच होतं. एका बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, दोघांच्या दोन बाटल्या म्हणजे दहा ग्लास, रोज जेवणाआधी एकेक घेणाऱ्या जोडप्याला आठवड्यातल्या पाच संध्याकाळी त्यातच भागतात. पैसे वाचवायचे असतील तर हा हिशोब चांगला आहे. पण ड्रिंक्स पॅकेज (जहाजावरच्या पेयांचे पैसे आधीच एकदम भरायचे) घेतलं असेल तर नेहमीची वाइन ओढत न्यायला काही अर्थ नाही, भरलेली बाटली सव्वा-दीड किलोची असते. माझं मत विचाराल तर ही एका बाटलीची जागा जहाजावर मिळणार नाही अशा वाइनसाठी ठेवावी. जी तुमच्यासाठी काहीतरी आहे तीच न्या.

जुनी रेड नेणार असाल तर एक गोष्ट महत्त्वाची. अशा वाइनमध्ये तळाशी गाळ असतो आणि प्रवासात तो पूर्ण ढवळला जातो, तेव्हा पहिल्याच रात्री उघडू नका. आम्ही ती केबिनच्या कपाटात कपड्यांच्या मध्ये सरळ उभी ठेवली, तिसऱ्या रात्री जेवणाच्या तासभर आधी डायनिंग रूममध्ये नेऊन दिली आणि वेटरला सांगितलं की जुनी आहे, उभीच राहू द्या. माणूस जाणकार निघाला. त्यानं वरचं वेष्टण कापलं, बुचाकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, हे तुटणार. आणि तुटलंच, अर्धं बूच स्क्रूबरोबर वर आलं, अर्धं आत. आम्ही चौघं श्वास रोखून बसलेलो. त्यानं स्क्रू तिरका धरून उरलेला तुकडा मिलिमीटर मिलिमीटर वर ओढला, तरी थोडा चुरा आत गेलाच, मग किचनमधून बारीक जाळीची गाळणी आणली आणि टेबलाजवळ उभं राहून सगळी वाइन काचेच्या भांड्यात इतकी सावकाश ओतली की शेवटच्या दोन बोटांतला गाळ बाटलीतच राहिला. रंग विटेसारखा झाला होता, कडेला तर नारिंगी. पहिला घोट घेतल्यावर नवरा काहीच बोलला नाही, नुसता माझ्या हातावर हात ठेवून बसला. ते १५ डॉलर मी परत कधीही आनंदानं देईन.

उरलेली वाइन त्यांनी बाटलीत भरून, वर बूच बसवून, केबिन नंबरची चिकटपट्टी लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न विचारता टेबलावर आणली. बहुतेक जहाजांवर ही सोय असते, मागायला लाजू नका. फक्त इतकी जुनी वाइन दुसऱ्या दिवशी पुष्कळ उतरलेली लागते. तरुण रेड असेल तर दोन-तीन दिवस आरामात निघतात.

केबिनमधलं थोडंसं. छोटा फ्रिज असतो पण तो जेमतेम गार करतो, व्हाइट वाइन प्यायची असेल तर केबिनची देखभाल करणाऱ्या स्ट्युअर्डला बर्फाची बादली मागा आणि बर्फात पाणी घाला, नुसत्या बर्फानं होत नाही, पाणी घातलं की वीसेक मिनिटांत बाटली थंडगार. ग्लासही तोच आणून देतो. कॉर्कस्क्रू नेताना बारीक पातं असलेला नेऊ नका, दारावर अडवू शकतात, त्यापेक्षा फिरकीच्या झाकणाची बाटली न्या म्हणजे प्रश्नच मिटला. आणि माउथवॉशच्या बाटलीत दारू भरून नेणं वगैरे युक्त्या लोक सांगतात, त्यात पडू नका, पकडलं गेलं की जप्त होते आणि सुट्टीभर मान खाली.

लिव्होर्नोला उतरून आम्ही कियांती क्लासिको या इटालियन रेड वाइनच्या दोन बाटल्या घेतल्या, गळ्यावर काळा कोंबडा असलेल्या. परत चढताना स्कॅनरनंतर लगेच टेबल होतं, बाटल्या घेतल्या, केबिन नंबर लिहून पावती दिली. म्हणजे डिस्नेसारखे अपवाद सोडले तर बंदरावर घेतलेली वाइन जहाजावर प्यायला मिळेल असं समजू नका, ती घरी न्यायलाच घ्या. पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण आमच्या जाऊबाईंनी नेपल्सला घेतलेल्या लिमोनचेल्लोची (लिंबाची गोड दारू) पावती हरवली आणि शेवटच्या रात्री अर्धा तास लायनीत गेला.

आणि शेवटची रात्र हीच खरी गंमत. मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात, आणि आमच्या बाटल्या आल्या सव्वादहाला, बॅगा बाहेर गेल्यावर. म्हणजे सकाळी त्या हातात घेऊन उतरावं लागलं आणि विमानात हातात चालत नाहीत. तेव्हा कुठल्यातरी मोठ्या बॅगेत दोन बाटल्यांची जागा आणि गुंडाळायला जुने टी-शर्ट वर राहतील असं आधीच करून ठेवा, बॅगेची कुलपाची किल्ली हाताशी ठेवा, आणि बंदरावर बॅग ताब्यात आली की टॅक्सी शोधायच्या आधी तिथेच बाजूला होऊन बाटल्या आत घाला. आम्ही हे विमानतळावर, चेक-इनच्या लायनीत, जमिनीवर बॅग उघडून केलं. आपल्या देशात किती बाटल्या ड्युटी न भरता आणता येतात ते मात्र लिव्होर्नोत खरेदी करायच्या आधी बघा, नंतर नाही.