चौथा बिंदू

नववीला त्रिकोणाचे संपातबिंदू, म्हणजे तीन रेषा एकत्र मिळतात ते बिंदू, शिकवताना मी दरवर्षी चार वेगळे त्रिकोण काढायला लावते. एकात मध्यगा, दुसऱ्यात शिरोलंब, तिसऱ्यात बाजूंचे लंबदुभाजक, चौथ्यात कोनदुभाजक. यंदा म्हटलं, चारही बिंदू एकाच त्रिकोणात घेऊ. बाजू दिल्या १३, १४, १५ सेंमी, पाया १४. याची उंची बरोबर १२ येते, क्षेत्रफळ ८४, म्हणून हा त्रिकोण माझा लाडका.

कागदावर रेषांचं जाळं झालं. खोडरबर फिरले, टोकं मोडली, जोडतास सगळा त्यातच गेला. बिंदू सापडल्यावर मी गणितज्ञ ऑयलरचं नाव काढलं. शिरोलंबसंपात, मध्यगासंपात आणि परिकेंद्र (लंबदुभाजक मिळतात तो बिंदू) कायम एका रेषेत असतात, हे त्यानं १७६५ मध्ये दाखवलं. मुलांनी पट्टी लावली आणि वर्गभर गलका झाला, "मॅडम, तीन नाही, चारही एका रेषेत!"

मी पाच-सहा वह्या पाहिल्या. खरंच, अंतर्मध्य, म्हणजे कोनदुभाजकांचा बिंदू, तोही त्याच रेघेवर बसलेला. समद्विभुज त्रिकोण सोडला तर तो त्या रेषेवर येत नाही, हे मला पाठ होतं. पण वर्गाच्या डोळ्यांसमोर चार बिंदू ओळीनं उभे असताना "पुस्तकात तसं नाही" म्हणायला जीभ रेटेना. भूमितीत तरी मुलांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरची, एरवी हात वर न करणारी मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, मी चारही बिंदूंची पायापासून उंची मोजली. मध्यगासंपात चारवर आहे, अंतर्मध्यपण चारवरच. पण शिरोलंबसंपात चारच्या थोडा खाली आहे आणि परिकेंद्र थोडं वर. म्हणजे ती रेषा चढती आहे. आणि मध्यगासंपात नि अंतर्मध्य तर एकाच उंचीवर, आडवे आहेत. मग चौघं एका रेषेत कसे?"

मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. इतकी वर्षं हा त्रिकोण वापरते, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मध्यगासंपाताची उंची त्रिकोणाच्या उंचीच्या एक तृतीयांश, म्हणजे १२ चा तिसरा भाग, ४. अंतर्मध्याची उंची म्हणजे अंतर्वर्तुळाची त्रिज्या. क्षेत्रफळ ८४ भागिले अर्धपरिमिती २१, पुन्हा ४. दोन्ही नेमके ४, मोजण्यातली चूक नव्हे. शिरोलंबसंपात ३.७५ वर, परिकेंद्र ४.१२५ वर. तिच्या पट्टीनं जे दाखवलं तेच गणितानं फळ्यावर आलं.

"मग अंतर्मध्य सगळ्यांना रेषेवर का दिसला?" एकानं विचारलं. योग्य प्रश्न होता. शिरोलंबसंपातापासून परिकेंद्रापर्यंतचं अंतर जेमतेम २ सेंमी. तेवढ्यात चारही बिंदू दाटीवाटीनं बसलेले. हिशोब केला तर अंतर्मध्य रेषेपासून फक्त ०.०६ सेंमी दूर. पेन्सिलीच्या रेघेइतकं. लाडक्या त्रिकोणानं मुलांना फसवलं आणि तो निवडला होता मी.

दुसऱ्या दिवशी ६, ८, १० चा काटकोन त्रिकोण दिला. शिरोलंबसंपात काटकोनाच्या शिरोबिंदूवर, परिकेंद्र कर्णाच्या मध्यावर. इथं अंतर्मध्य रेषेपासून चांगला ४ मिमी बाजूला पडला, वर्गातल्या शेवटच्या वहीतही. त्या मुलीनं आपली वही माझ्यापुढे धरली. रेषा काढून झाल्यावर तिनं चारही बिंदूंची पायापासूनची उंची शेजारी लिहून ठेवली होती, न सांगता. खाली एक प्रश्न होता: कोणत्या त्रिकोणात अंतर्मध्य सगळ्यात लांब जाईल?

आता मधल्या सुट्टीत आम्ही दोघी तोच शोधतोय.