किट कोरं, ताप मात्र उतरेना

धानाची रोवणी आटोपली की गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडे तापाचे रुग्ण वाढू लागतात. आशाताई बोट टोचते, मलेरियाच्या किटवर रक्त टाकते आणि कधीकधी कंट्रोलच्या (किट चालतंय एवढंच दाखवणाऱ्या) रेषेखेरीज काहीच उमटत नाही. तेवढ्यावर ‘मलेरिया नाही’ लिहून मोकळं होऊ नका.

फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे मलेरियाच्या जंतूंचे दोन प्रकार. दोन्ही ओळखणाऱ्या नेहमीच्या दुहेरी किटमध्ये फाल्सिपेरमची रेषा उमटते ती एचआरपी-२ या प्रथिनामुळे. व्हायवॅक्सची रेषा वेगळ्या प्रथिनावर चालते. काही फाल्सिपेरम जंतूंमध्ये एचआरपी-२ चं जनुकच गळालेलं असतं. रक्तात जंतू भरपूर, पण किटला धरायला प्रथिन नाही. पेरूमधून अशा जंतूंची नोंद २०१० मध्ये झाली. एरिट्रियात ते इतके वाढले की २०१६ मध्ये किट बदलावं लागलं. भारतातही ते सापडलेत. वाढतात का, तर किट पॉझिटिव्ह आलं तरच आपण औषध देतो. रेषा उमटवणारे जंतू मारले जातात, न उमटवणारे अंगात राहतात आणि डासाबरोबर पुढच्या घरी जातात. म्हणून अशा जंतूंमुळे चुकलेले रुग्ण ५ टक्क्यांवर गेले की किट बदला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पण लगेच जनुकावर खापर फोडू नका. आधी किट बघा. आपल्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेला डबा पाकिटावरच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे सहज जातो. बफरचे (किटसोबतच्या द्रवाचे) थेंब कमी पडले, निकाल सांगितलेल्या वेळेआधीच वाचला, तरी रेषा चुकते.

किट ठीक आणि ताप कायम, तर त्याच बोटाच्या रक्ताची स्लाइड घ्या. स्मीअर म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर. जाड स्मीअर जंतू शोधायला, पातळ स्मीअर प्रकार ओळखायला. मिथेनॉल फक्त पातळ स्मीअरला लावायचं. जाडाला लागलं तर त्यातल्या लाल पेशी फुटत नाहीत आणि जंतू झाकले जातात. जाड स्मीअरचे किमान १०० फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) बघितल्याशिवाय निगेटिव्ह म्हणू नये.

सोबत फिल्टर पेपरवर रक्ताचा एक ठिपका घ्या, जनुकांची तपासणी त्यावरच होते. नाव-तारीख पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई पसरते. ठिपक्याला हात न लावता सावलीत सुकवा. श्रावणातल्या दमट हवेत रात्रभर लागू शकते. ओला ठिपका पिशवीत गेला की बुरशी येते नि नमुना वाया जातो. सुकल्यावर प्रत्येक रुग्णाची वेगळी झिप पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, मग प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत प्रयोगशाळेत.

हाच ठिपका पुन्हा उपयोगी पडतो, औषध पूर्ण करूनही दोन-तीन आठवड्यांनी ताप आला तर. तेव्हा फाल्सिपेरमसाठी एचआरपी-२ च्या किटवर विसंबू नका. जंतू मेल्यावरही ते प्रथिन रक्तात काही आठवडे रेंगाळतं आणि रेषा उमटत राहते. स्लाइड करा, नवा ठिपका घ्या. डासाच्या पोटात फाल्सिपेरमच्याच वेगवेगळ्या वाणांचे नर-मादी जंतू एकत्र येऊन त्यांची जनुकं मिसळतात, त्यामुळे दोन जंतू सहसा तंतोतंत सारखे नसतात. प्रयोगशाळा दोन्ही ठिपक्यांतली एमएसपी-१, एमएसपी-२ ही जंतूगणिक बदलणारी जनुकं ताडून पाहते. जुळली तर बहुधा जुनाच जंतू उरलाय. मग गोळ्या पूर्ण घेतल्या का, उलटी झाली का, औषध कमी पडतंय का, हे बघावं लागतं. वेगळी निघाली तर नवा डास चावलाय, आणि चौकशी मच्छरदाणी नि फवारणीची.